आनंदीबाईंची पत्रे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हातच जोडले. माझी शाळा सातवीपर्यंतची. वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे यापलीकडे माझा हात कधी चालला नाही. पण पत्रांवरून डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांचेही शिक्षण पत्रांनीच पुढे नेले. म्हणून हे धाडस करते.

आनंदीबाई आपल्या शेजारच्याच. माहेर कल्याणचे. मुरबाडहून एस.टी.ने किंवा आसनगावहून गाडीने आपण बाजाराला जातो, तेच कल्याण. जन्म १८६५ सालचा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. गोपाळराव बिजवर, वयाने कितीतरी मोठे, टपालखात्यात नोकरीला. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. अभ्यास सोडून ती चुलीपाशी दिसली तर ते मारीतसुद्धा. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत दिली. उपकार मानले, पण दुःखही लपवले नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी तेव्हा मनाशी धरले.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना १८८० साली तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना पाळख, तरी त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. मग बोटीच्या टपालाने पत्रे जाऊ-येऊ लागली. बालविवाह, सणवार, बायकांचे आजार, सगळे त्यांत असे. आनंदीबाईंना सारखी डोकेदुखी आणि अशक्तपणा होता, तेही त्या मोकळेपणाने लिहीत. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधेही पाठवली. हळूहळू त्या बाईंची मावशी झाली.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला मावशी उतरून घ्यायला हजर! तिच्या घरी राहूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला अर्ज लिहिला. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या गरीब बायकांसाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय होता. कॉलेजने प्रवेश दिला आणि ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

थंडी सोसेना, खोकला लागला, तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. शेवटच्या प्रबंधासाठी त्यांनी आपल्याकडचे प्राचीन प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. गर्भिणीला कसे जपावे, बाळंतपण कसे करावे, याविषयी आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत काय आहे, ते तिकडच्या डॉक्टरांपुढे मांडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच त्या परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. एका बाळंतिणीची नाडी पाहायलासुद्धा कोल्हापूरला जाता आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवली गेली. अमेरिकेत पोकीप्सी येथे, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवलेली आहे.

आता माझे सांगते. पहिल्या खेपेला माझे पाय सुजत, डोके ठणके. नवीन सून, बोलायचे कसे म्हणून मी गप्प राहिले. सासूबाईंना नाही, आईला लिहिलेल्या पत्रातही नाही. सगळे खुशाल आहे, एवढेच लिहिले. ते मूल राहिले नाही. आनंदीबाईंनी सात समुद्रांपलीकडच्या परक्या बाईला जे कळवले, ते मी सख्ख्या आईला कळवले नाही. मला ते अजून लागते.

आज गावोगावी नर्सताई येतात, आशाताई दारापर्यंत येतात. पण आपली जीभ अजून उचलत नाही. हळदीकुंकवाला आपण साड्यांविषयी बोलतो, दुखण्याविषयी नाही. तोंडाने बोलवत नसेल, तर बायांनो, कागदावर लिहा आणि ताईंच्या हाती द्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी माझ्याकडे या. मी लिहून देईन. तेवढे सातवीत शिकले आहे.