बर्फाच्या बेटावरील शास्त्रज्ञ

जगाचा नकाशा उघडा आणि अटलांटिक महासागराचे दोन्ही किनारे नीट पाहा. दक्षिण अमेरिकेचा पुढे आलेला भाग आफ्रिकेच्या खोलगट भागात अगदी बरोबर बसेल, असे वाटते. फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे जुळावेत तसे! हे साम्य वेगेनर यांच्या आधीही काही जणांच्या लक्षात आले होते. पण त्याचा ध्यास घेतला तो आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. त्यांनी खगोलशास्त्राची पदवी मिळवली. पण त्यांचे मन रमले हवामानशास्त्रात. १९०६ साली त्यांनी व त्यांचा भाऊ कुर्ट यांनी बलूनमधून सलग ५२ तास प्रवास करून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडला गेले.

ग्रीनलंड हे उत्तर ध्रुवाजवळचे जगातील सर्वांत मोठे बेट. किनाऱ्याची पट्टी सोडली, तर जिकडेतिकडे बर्फच बर्फ. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य दिसत नाही. तेथे वेगेनर पतंग आणि दोरीने बांधलेले बलून आकाशात सोडून वरच्या हवेचे तापमान मोजत. या मोहिमेचा प्रमुख व त्याचे दोन सोबती परतीच्या वाटेवर भूक आणि थंडीने मरण पावले. बर्फाचा प्रदेश किती निर्दय असतो, हे वेगेनर यांना पहिल्याच खेपेस कळले. तरी त्यांची ओढ कमी झाली नाही.

मायदेशी परतल्यावर ते मारबुर्ग येथे शिकवू लागले. १९१० च्या अखेरीस एका मित्राचा नवा नकाशासंग्रह चाळताना त्यांची नजर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर खिळली. पुढे त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या एकाच प्राचीन वनस्पतीचे ठसे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील खडकांत सापडतात. मधला समुद्र या वनस्पतीने कसा ओलांडला असेल? आणखी एक नवल पाहा. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने घासलेला खडक आहे. उन्हाळ्यात जेथे अंगाची लाही लाही होते, तेथे कधीकाळी बर्फ होते! वेगेनर यांचे म्हणणे असे, की पूर्वी सर्व खंड एकमेकांना जोडलेले होते. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ होता. नंतर हे खंड फुटले व हळूहळू दूर सरकले.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे त्यांनी हा विचार भूशास्त्रज्ञांसमोर मांडला. पुष्कळांना तो पटला नाही. त्याच वर्षी ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. चौघे जण आणि आइसलंडची सोळा तट्टे. हिवाळा त्यांनी बर्फावरच काढला आणि १९१३ साली पूर्वेकडून पश्चिमेकडे सारे बेट ओलांडले. वाटेत सगळी तट्टे गेली. शेवटी खायला काही उरले नाही, म्हणून सोबतचा कुत्राही मारावा लागला. किनाऱ्यावर एका धर्मोपदेशकाची होडी दिसली, तेव्हा कुठे त्यांचे प्राण वाचले.

१९१५ साली त्यांनी आपला सिद्धांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मग टीकेचा भडिमार झाला. हवामानशास्त्रज्ञाने भूशास्त्रात कशाला पडावे, असेही काहींना वाटले. पण टीकाकारांचा एक प्रश्न खरोखरच बिनतोड होता. एवढे प्रचंड खंड कोणत्या शक्तीने हलतात? याचे समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्यापाशी नव्हते. ग्रीनलंडच्या जुन्या व नव्या मोजमापांवरून ते बेट दरवर्षी कित्येक मीटर पश्चिमेला सरकते, असे त्यांनी दाखवले. ती मोजमापेच सदोष होती. खंड वर्षाला फक्त काही सेंटिमीटर सरकतात. समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर, १९६० नंतरच्या दशकात, शास्त्रज्ञांनी खंड सरकतात हे मान्य केले. ते पाहायला वेगेनर नव्हते.

१९३० साली ते स्वतः प्रमुख होऊन ग्रीनलंडला गेले. बेटाच्या मधोमध, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, त्यांना एक ठाणे उभारायचे होते. तेथे वर्षभर हवामान व बर्फ यांचा अभ्यास व्हायचा होता. पण समुद्रातील बर्फामुळे सामान उतरवायलाच सहा आठवडे उशीर झाला. यांत्रिक बर्फगाड्याही कुचकामी ठरल्या. मधल्या ठाण्यावर गेऑर्गी आणि झोर्गे हे दोघे होते. सामान आले नाही, तर २० ऑक्टोबरला आम्ही पायी निघू, असा त्यांचा निरोप आला. म्हणजे मृत्यूच!

२१ सप्टेंबरला वेगेनर स्वतः निघाले. बरोबर लोएवे नावाचा शास्त्रज्ञ, तेरा ग्रीनलंडवासी आणि कुत्र्यांच्या पंधरा गाड्या होत्या. थंडी वाढत गेली, तसे बहुतेक सोबती परत फिरले. ग्रीनलंडवासींपैकी अखेर एकच जण उरला, रास्मुस विलुमसेन. ३० ऑक्टोबरला तिघे ठाण्यावर पोचले. ते दोघे बर्फात खणलेल्या गुहेत सुखरूप होते! निघण्याचा बेत त्यांनी सोडून दिला होता. लोएवेच्या पायांची बोटे मात्र थंडीने गोठली होती. ती पुढे खिशातल्या चाकूने कापावी लागली.

ठाण्यावर पाच जणांना हिवाळाभर पुरेल इतके अन्न नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुसला घेऊन परत निघाले. ते किनाऱ्यावर पोचले नाहीत.

१२ मे १९३१ रोजी शोधपथकाला बर्फात उभ्या रोवलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा देह होता. कातडी अंथरून, कापडात शिवून रास्मुसने तो काळजीपूर्वक पुरला होता. अतिश्रमाने त्यांचे हृदय बंद पडले असावे. सोबत्यांनी त्यांना तेथेच राहू दिले. कुर्ट येऊन मोहिमेचा प्रमुख झाला आणि काम पुरे झाले. ठाण्यावरचे तिघेही जिवंत परतले.

वेगेनर यांची रोजनिशी घेऊन रास्मुस एकटाच पश्चिमेकडे निघाला होता. तो किंवा ती रोजनिशी पुढे कोणालाही सापडली नाही.