मुलाने वही केली नसती, तर बहिणाबाई आपल्याला कळल्याच नसत्या

३ डिसेंबर १९५१. जळगावात एक ७१ वर्षांच्या आजी वारल्या. शेतकऱ्याच्या घरातली बाई, नाव बहिणाबाई चौधरी. तोवर त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं.

जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्यातला. तेराव्या वर्षी लग्न. शाळा नाहीच, त्यामुळे लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या आसपास नवरा गेला. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी. त्यात ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. घर आणि शेत, दोन्ही बहिणाबाईंनीच ओढलं.

आणि हे ओढतानाच त्या गाणी रचायच्या. जात्यावर, चुलीपुढे, शेतात. कामातून वेळ काढून कविता, असला प्रकारच नव्हता. घरात बोलायच्या त्याच बोलीत ओव्या यायच्या. कुणी ऐकली तर ठीक, नाहीतर दळण संपलं की ओवीही संपली. अशा किती गेल्या असतील!

पण धाकटा सोपानदेव स्वतः कवी निघाला. त्याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी आईच्या तोंडची गाणी जमतील तेवढी वहीत उतरवली. आई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली. अत्रे थक्क झाले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९५२ ला ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली.

बाईंनी ते पुस्तक पाहिलं नाही. २०१८ ला जळगावच्या विद्यापीठाला नाव दिलं गेलं, ते शाळेत न गेलेल्या याच आईचं.