माहीमचे भाष्यकार : हजरत मखदूम फकीह अली

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत कुरआन क्रमाने ऐकवला जातो. त्यात 114 सूरह, म्हणजे अध्याय आहेत. एक अध्याय सोडला तर बाकी सर्वांची सुरुवात बिस्मिल्लाहने, म्हणजे परमदयाळू अल्लाहच्या नावाने होते. ओठांवर रुळलेल्या या एकाच ओळीचा अर्थ प्रत्येक अध्यायागणिक नव्याने उलगडणारा एक विद्वान सहाशे वर्षांपूर्वी माहीमच्या बेटावर राहत होता. हजरत मखदूम फकीह अली माहिमी हे त्यांचे नाव. अंधेरी-बोरिवलीकडून शहरात जाणाऱ्या कितीतरी लोकांना माहीमचा दर्गा ठाऊक असतो. पण तिथे विसावलेल्या माणसाने काय लिहिले, हे फार थोड्यांना माहीत असते.

मखदूमसाहेबांचा जन्म 1372 सालचा. तेव्हा आजची मुंबई नव्हती. माहीम हे वेगळे बेट होते आणि खाडीपलीकडे साष्टीचे मोठे बेट. दोन्हींमधली वाट होडीची. लेडी जमशेदजींच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता खुला झाला तो थेट 1845 साली. मात्र समुद्रमार्गे या बेटाचा जगाशी संबंध जुना होता. अरबी समुद्रापलीकडून आलेले व्यापारी कोकण किनाऱ्यावर स्थायिक झाले, इथल्या मातीत मिसळले. त्यांच्यातल्याच नवायत समाजात मखदूमसाहेब जन्मले. वडील शेख अहमद विद्वान होते, आई फातिमाबी धर्मपरायण.

आईची एक कथा भाविक आजही सांगतात. रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पेला घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला. झोपमोड नको म्हणून तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. जागी झाल्यावर आईने मनापासून दुआ दिली आणि त्या दुआनेच मुलाला विद्येचे दार उघडले, अशी श्रद्धा आहे.

त्यांच्या नावातल्या ‘फकीह’ या शब्दाचा अर्थ धर्मशास्त्राचा जाणकार. कोकणी मुसलमान शाफिई पंथाचे. त्या पंथाच्या नियमांवर त्यांनी लिहिले. धर्माच्या आज्ञांमागची कारणे काय, याचाही त्यांनी शोध घेतला. त्याच वेळी त्यांना ओढ होती ती इब्न अरबींच्या विचारांची. भूमध्य समुद्राकाठच्या स्पेनमध्ये 1165 साली जन्मलेल्या या सूफी तत्त्वज्ञाने सगळ्या अस्तित्वाच्या एकत्वाचा विचार मांडला होता. तो अनेक कर्मठ उलेमांना रुचत नव्हता. मखदूमसाहेबांनी मात्र इब्न अरबींच्या ‘फुसूस अल-हिकम’ या अवघड ग्रंथावर टीका लिहिली. शास्त्र आणि सूफी अनुभव, दोन्ही त्यांनी एकाच लेखणीत सांभाळले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे अरबीत लिहिलेली ‘तब्सीर अल-रहमान’ ही कुरआनची तफ्सीर. ती ‘तफ्सीरे रहमानी’ या नावानेही ओळखली जाते. तफ्सीर म्हणजे भाष्य. मराठी वाचकाला ही परंपरा परकी नाही. मखदूमसाहेबांच्या जन्माआधी सुमारे ऐंशी वर्षे, 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती. मखदूमसाहेबांची रीत अशी : अध्यायाला ते नाव का मिळाले, हे आधी सांगायचे. मग बिस्मिल्लाहचा अर्थ त्या अध्यायाच्या आशयाला धरून लावायचा. पुढे एका आयतीचा दुसरीशी धागा जोडत जायचे. सुटी आयत उचलून हवा तो अर्थ काढण्याला या रीतीत जागा नाही. मागचे-पुढचे पाहिल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही, हे त्यांनी पानोपानी दाखवले.

हे सगळे शांततेच्या काळात घडले असे नाही. माहीम गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. बहामनी फौजांनी 1430 च्या सुमारास या बेटावर चाल केली आणि गुजरातच्या सैन्याने ते परत मिळवले. त्यानंतर लवकरच, 1431 साली, मखदूमसाहेबांचे निधन झाले.

त्यांच्या काळचे माहीम आता जमिनीवर फारसे दिसत नाही. खाडीच्या तोंडावरचा किल्लाही त्यांच्या नंतरचा. कबरीभोवतीची वास्तू पिढ्यापिढ्यांनी वाढवली. 1674 साली तिची दुरुस्ती आणि विस्तार झाल्याची नोंद आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या माहीमच्या मेळ्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच येतात. पहिली चादर चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा. पोलिस ठाण्यापासून वाजतगाजत संदल निघतो.

ग्रंथाने मात्र बेटाची वेस केव्हाच ओलांडली होती. 1878 साली कैरोजवळच्या बुलाक येथील प्रसिद्ध छापखान्यातून ‘तब्सीर अल-रहमान’ छापून निघाली. माहीमच्या काठावर बसून लिहिलेली पाने साडेचारशे वर्षांनी नाईलच्या काठी छापली गेली आणि अरबी जगाच्या हाती पोहोचली. रमजान हा कुरआनचा महिना. या महिन्यात दर्ग्याच्या उंबरठ्यावर टेकलेल्या माथ्यांना त्या पानांचीही ओळख झाली, तर मखदूमसाहेबांची ओळख पुरी होईल.