कल्पना आपली, कारखाना परका

एप्रिल महिना शंकर आबाजी भिसे यांच्या जन्माचा आणि मृत्यूचाही. २९ एप्रिल १८६७ रोजी ते मुंबईत जन्मले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. हिंदी एडिसन म्हणून ज्यांचा एके काळी लौकिक होता, त्यांचे नाव आज शाळेतील मुलांना नव्याने सांगावे लागते, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटत नाही.

भिसे यांची बुद्धी जात्याच यंत्राकडे धावणारी. जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या त्यांच्या योजनेने लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली आणि त्यांना विलायतेची वाट मोकळी झाली. दिनशा वाच्छा यांनी त्यांची दादाभाई नौरोजींशी गाठ घालून दिली. दादाभाईंनी नुसता आशीर्वाद दिला नाही, पदरचा पैसाही घातला.

पुढे भिसे छपाईच्या खिळ्यांकडे वळले. हस्तलिखिताचे रूपांतर धातूच्या अक्षरांत करणे हे त्या काळचे मोठे कोडे होते. लायनोटाइप अख्खी ओळ ओतीत असे. मोनोटाइप छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून एकेक अक्षर घडवीत असे. काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो खिळे लागणाऱ्या आपल्या लिपीला तर या प्रश्नाची झळ अधिकच. एकाच वेळी अनेक सुटे खिळे वेगाने ओतणारे भिसोटाइप यंत्र हे भिसे यांचे त्यावरील उत्तर होते.

परंतु यंत्र सुचणे निराळे आणि ते बाजारात उभे करणे निराळे. भांडवलाअभावी काम वारंवार अडले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने रतन टाटा यांचे साहाय्य लाभले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघाले. तेही फार काळ टिकले नाही. अखेर भिसे यांना अमेरिका गाठावी लागली आणि तेथेच त्यांचा देह पडला.

याच पिढीतील जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात बिनतारी विद्युत्तरंगांनी दूरची घंटा वाजवून दाखविली. पेटंटांविषयी ते उदासीन होते. १९०४ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले, त्याचा त्यांनी धंदा केला नाही. भिसे पेटंटांमागे धावले, बसूंनी ती दूर सारली. दोघांच्याही कल्पनांचे कारखाने या देशात उभे राहिले नाहीत. दोष व्यक्तींचा नव्हे, हे यावरून उघड व्हावे.

वर्धेकरांना हा विषय परका नाही. चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते, आणि १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही मगनवाडीत अवजारांची परंपरा जपून आहे. संशोधकाला टाळ्यांपेक्षा कर्मशाळा आणि धीर धरणारे भांडवल हवे असते, हे सत्य या जिल्ह्याने ओळखले होते. आज अक्षरे धातूत नव्हे, संगणकाच्या अंकांत उतरतात. पण कल्पक तरुणाची अडचण तीच आहे. भिसे यांना हार घालण्यापूर्वी आपल्या गावातील अशा एका तरुणासाठी आपण काय केले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे, इतकीच आमची विनंती आहे.