ओटो लिलिएन्थाल : पंखांचे गणित मांडणारा

भर दुपारी आपल्या शाळेच्या क्रीडांगणावर घारी घिरट्या घालीत असतात. पंखांची किंचितही फडफड न करता एवढे पाखरू अधांतरी कसे राहते, हा प्रश्न वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला केव्हा ना केव्हा पडलेला असतो; आणि बहुधा शिक्षकांच्या हाकेसरशी तो तेथेच विरून जातो. जर्मनीतील एका मुलाने मात्र हा प्रश्न जन्मभर सोडला नाही.

ओटो लिलिएन्थालचा जन्म २३ मे १८४८ रोजी पोमेरेनिया प्रांतातील आन्क्लाम या गावी झाला. गावाच्या परिसरातील कुरणांत करकोचे उतरत. ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह त्यांचे टक लावून निरीक्षण करीत. उडावयाचे झाले म्हणजे करकोचा वाऱ्याला पाठ देत नाही, त्याला सामोरा होऊन धावतो, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच हेरली होती. वडील लवकर वारले. मुलांना आईने वाढविले. शाळकरी वयातच या दोघा भावांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे पंख करून उडण्याची खटपट केली, आणि तीही रात्रीच्या वेळी. सोबत्यांनी हसू नये म्हणून! उड्डाण अर्थातच साधले नाही.

पुढे ओटो बर्लिन येथे यंत्रविद्या शिकला, १८७०–७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात सैनिक म्हणून गेला, आणि परतल्यावर कालांतराने त्याने वाफेची यंत्रे व बाष्पके तयार करण्याचा कारखाना काढला. कारखान्याच्या नफ्यात कामगारांना वाटा देणारा तो मालक होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याचे चित्त पंखांत गुंतलेले होते.

लिलिएन्थाल म्हटला की टेकडीवरून उडी घेणारा धाडसी वीर डोळ्यांसमोर येतो. मला हे चित्र अपुरे वाटते. त्याने पहिली खरी झेप घेतली ती १८९१ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी. पंखांची मोजमापे तर तो १८७४ पासून घेत होता. एका फिरत्या दांड्याच्या टोकांना निरनिराळ्या आकारांचे पंख बसवावयाचे, दांडा फिरवावयाचा, आणि हवा प्रत्येक पंखाला किती बळाने वर उचलते ते नोंदवावयाचे, असा हा कंटाळवाणा उद्योग. त्यातून असे दिसून आले की सपाट फळीपेक्षा पक्ष्याच्या पंखासारखा किंचित बाकदार पृष्ठभाग कितीतरी अधिक भार उचलतो. ही सारी कोष्टके व आलेख त्याने १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरील आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. त्यानंतरच तो टेकडीवर चढला.

बोरूसारख्या लवचिक फांद्यांच्या सांगाड्यावर सुती कापड ताणून तो आपले पंख करी. पहिल्या वर्षी देर्विट्झ गावी सुमारे २५ मीटर अंतर तो तरंगत गेला. दोन वर्षांनी रिनोच्या टेकड्यांवरून २५० मीटरपर्यंत. १८९४ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे त्याने स्वतःची १५ मीटर उंचीची टेकडीच रचविली. ती शंकूच्या आकाराची होती. म्हणजे वारा कोणत्याही दिशेने येवो, त्याला सामोरे धावता यावे. करकोच्याचा धडा तो विसरला नव्हता! त्याची एकंदर उड्डाणे २,००० च्या घरात जातात. त्यांची छायाचित्रे देशोदेशी गेली, आणि माणूस उडू शकतो हे लोकांना डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

उणीव होती ती तोल सावरण्यात. दोन्ही बाहूंवर भार घेऊन तो पंखांखाली लोंबकळे आणि पाय पुढेमागे, डावीउजवीकडे झोकून तोल राखी. आज समारंभात छायाचित्रे घेणारा चार पंख्यांचा ड्रोन आपण पाहतो. तो कलला की त्यातील यंत्रणा तत्क्षणी ते ओळखते व पंख्यांची गती कमीअधिक करून त्याला सावरते. लिलिएन्थालपाशी केवळ स्वतःचे शरीर होते.

९ ऑगस्ट १८९६ रोजी स्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर ते शरीर अपुरे पडले. वाऱ्याच्या झोताने पंखांचे तोंड वर उचलले गेले, गती थांबली, आणि सुमारे १५ मीटरांवरून तो कोसळला. मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. तो ४८ वर्षांचा होता. मागे पत्नी आग्नेस व चार मुले होती. अंतसमयी त्याने थोर उद्गार काढल्याची आख्यायिका आहे. तिला भरवशाचा आधार नसल्यामुळे मी ती येथे देत नाही.

या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेत विल्बर राइट याचे लक्ष उड्डाणाच्या प्रश्नाकडे पुन्हा ओढले गेले. राइट बंधूंनी लिलिएन्थालची कोष्टके आधाराला घेतली. परंतु १९०१ मध्ये त्यांच्या पंखांनी अपेक्षेइतका भार उचलला नाही, तेव्हा ती कोष्टकेच चुकली असावीत अशी शंका त्यांना आली. मृत मनुष्य आपल्या आकड्यांची बाजू मांडावयास येऊ शकत नाही. पण राइट बंधू प्रामाणिक होते. त्यांनी वाऱ्याचा बोगदा तयार करून सारे पुन्हा मोजले. दोष मुख्यतः हवेच्या दाबाच्या गणितात फार पूर्वीपासून सर्वजण वापरीत आलेल्या एका गुणांकात निघाला. लिलिएन्थालची मापे त्याने वापरलेल्या पंखापुरती बरीचशी बरोबर होती. तोल सावरण्यासाठी मात्र राइट बंधूंनी अंग झोकण्याची त्याची रीत सोडली आणि पंखांनाच पीळ देण्याची योजना केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र उडाले.

२०१६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी लिलिएन्थालच्या पंखांची हुबेहूब प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली. सर्वसाधारण उड्डाणात ते पंख स्थिर राहतात, असे त्यांना आढळले.

गोलेनबर्गच्या पायथ्याशी आज एक भले मोठे प्रवासी विमान उभे आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीच्या वैमानिकांनी चार इंजिनांचे ते इल्यूशिन विमान तेथील आखूड गवताळ पट्टीवर उतरविले, आणि ते तेथेच स्मारक म्हणून ठेवण्यात आले. त्याचे नाव ‘लेडी ॲग्नेस’, म्हणजे लिलिएन्थालच्या पत्नीचे.