सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (जन्म : १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद, मृत्यू : ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक आणि पेशाने शालेय शिक्षक होते. ‘रहीम साहेब’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने १९५१ (नवी दिल्ली) आणि १९६२ (जकार्ता) च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले, तसेच १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. १९५१ ते १९६२ हा भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ मानला जातो. त्या यशामागे वर्गात शिकवणाऱ्या एका शिक्षकाची दृष्टी होती, हे रहीम यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

प्रारंभिक जीवन

रहीम यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाला. आजच्या मराठवाड्याचा प्रदेशही त्या वेळी याच संस्थानात मोडत असे. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी हैदराबादमधील शाळांत अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेतील क्रीडाविषयक कामही त्यांनी सांभाळले. विद्यार्थिदशेपासून ते स्वतः फुटबॉल खेळत असत. तथापि त्यांची कीर्ती झाली ती खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाडू घडवणारा म्हणून. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. मुलांसाठी स्पर्धा भरवण्याचे साधन यामुळे त्यांच्या हाती आले.

प्रशिक्षणपद्धती

त्या काळी भारतीय फुटबॉलमध्ये वैयक्तिक कौशल्याला फार महत्त्व होते. चेंडू पायाशी ठेवून एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना चकवत नेणारा खेळाडू प्रेक्षकांची वाहवा मिळवी. या सवयीमुळे सांघिक खेळ मागे पडतो, हे रहीम यांनी ओळखले. मात्र ही सवय मोडण्यासाठी त्यांनी केवळ उपदेशावर भिस्त ठेवली नाही. स्पर्धेचे नियमच त्यांनी असे बदलले, की मुलांना नवी सवय आपोआप लागावी.

त्यांनी भरवलेल्या एका प्रकारच्या स्पर्धेत चेंडू चकवत नेण्यास, म्हणजेच ड्रिब्लिंग करण्यास, मनाई असे. चेंडू येताच तो सहकाऱ्याकडे देणे भाग पडे. त्यासाठी चेंडू येण्यापूर्वीच सहकारी कोठे उभा आहे, हे पाहून ठेवावे लागे. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत खेळाडूला आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारावा लागे. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाचा डावा पायही त्यामुळे तयार होई. वेग, अचूक पास, दोन्ही पायांवर सारखे प्रभुत्व आणि सतत हालचाल ही त्यांच्या शिकवणीची मुख्य सूत्रे होती. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर असत. परंतु होतकरू मुलाची अडचण समजून घेण्यातही ते मागे राहत नसत. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातून आलेले तुलसीदास बलराम यांना सरावाला येण्याजाण्याचा खर्च परवडत नव्हता. तेव्हा रहीम यांनी त्यांच्यासाठी सायकलच्या भाड्याची सोय केली. हेच बलराम पुढे भारताच्या श्रेष्ठ आघाडीपटूंमध्ये गणले गेले.

हैदराबाद सिटी पोलीस संघ

रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस हा संघ देशातील बलाढ्य संघांपैकी एक बनला. या संघाने १९५० मध्ये ड्युरँड चषक जिंकला. मुंबईत खेळल्या जाणाऱ्या रोव्हर्स चषकावर त्याने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. कोलकात्याच्या नामांकित क्लबांची मक्तेदारी मोडून काढणारे हे यश मुंबईकर प्रेक्षकांनी जवळून पाहिले. राज्यांच्या संतोष चषक स्पर्धेतही हैदराबादने १९५६ आणि १९५७ मध्ये लागोपाठ विजेतेपद मिळवले. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी मुंबईचा संघ होता.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक

१९५१ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणचा १–० असा पराभव केला. विजयी गोल साहू मेवालाल यांनी केला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र भारताला युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा दारुण पराभव पत्करावा लागला. भारताचे बरेच खेळाडू त्या सामन्यात अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. बुटांसह खेळताना चेंडूवरील ताबा, पासची पद्धत आणि धावण्याची लय हे सारे नव्याने शिकावे लागते. हा बदल घडत असतानाच रहीम यांनी वेगवान, सांघिक खेळाची घडी बसवली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इथवर पोहोचणारा तो पहिला आशियाई संघ ठरला. या सामन्यात मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. पुढे युगोस्लाव्हियाकडून ४–१ आणि बल्गेरियाकडून ३–० अशी हार झाल्याने भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १–१ असे बरोबरीत रोखले आणि बलाढ्य हंगेरीविरुद्ध केवळ एका गोलाने सामना गमावला. पेरूविरुद्ध मात्र ३–१ अशी हार पत्करावी लागून संघ साखळी फेरीतच बाद झाला.

जकार्ता, १९६२

१९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २–० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंड आणि जपान यांना नमवले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना विश्रांती देऊन उपांत्य सामन्यात चक्क आघाडीच्या फळीत उतरवले. जर्नेल सिंग यांनी त्या सामन्यात गोल केला आणि भारताने दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे हरवले.

त्या स्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांना यजमान इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता. भारतीय क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने स्थानिक लोक भारतावर संतप्त होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी, अशा प्रतिकूल प्रेक्षकांसमोर, भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियालाच २–१ असे पराभूत केले. प्रदीपकुमार (पी. के.) बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले, कर्णधार चुनी गोस्वामी होते. रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रस्त होते. सामन्यापूर्वी त्यांनी आपल्या खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली होती, अशी आठवण त्या संघातील खेळाडू सांगत असत.

निधन आणि वारसा

जकार्ता येथील विजयानंतर वर्षभराच्या आतच, ११ जून १९६३ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन दशकांहून अधिक काळाने सुरू झाला. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचा १९६० च्या ऑलिंपिक संघात समावेश होता. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. रहीम यांच्या हाताखाली खेळलेले पी. के. बॅनर्जी हे पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. रहीम यांच्या जीवनावर आधारित ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली.

१९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही. आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदकही १९६२ नंतर भारताला मिळालेले नाही. १९७० मध्ये बँकॉक येथे मिळालेले कांस्यपदक हे त्यानंतरचे एकमेव पदक होय. राष्ट्रीय संघाची उभारणी मुलांच्या मैदानापासून करावी लागते, हे रहीम यांच्या कार्याने दाखवून दिले. भारतीय फुटबॉलच्या चर्चेत त्यांचे नाव आजही याच कारणासाठी घेतले जाते.