डॉक्टर विल्यम कॅरी यांची बाग

सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्या आमच्या वाचकांस कुंभ्याचे झाड ओळखून देण्याची गरज नाही. हिवाळा सरता सरता ज्याची पाने लाल होऊन गळतात, उन्हाळ्याच्या तोंडी ज्याच्या फांद्यांच्या शेंड्यांस मोठाली पांढरी फुले येतात, व ज्याच्या सालीच्या तंतूंचे लोक दोर वळतात, ते हे झाड. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ह्यास केरिया आर्बोरिया म्हणतात. ह्यातील पहिला शब्द एका मिशनऱ्याच्या नावावरून घेतला आहे, हे मात्र आमच्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. तो मिशनरी म्हणजे डॉक्टर विल्यम कॅरी.

पवित्र शास्त्राचे भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव आमच्या सर्व मंडळ्यांत आदराने घेतले जाते. मराठीवर तर त्यांचे विशेष ऋण आहे. वैजनाथशास्त्री ह्या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी इ. स. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले व १८१० साली मोडी टायपांत मराठीचा कोश काढला. ही गोष्ट पुष्कळदा सांगण्यात आली असल्यामुळे आज आम्ही तिच्याकडे न वळता त्यांच्या बागेकडे वळतो. शेताच्या बांधावर घालविलेली घटका म्हणजे देवाच्या कामातून चोरलेली घटका, असे आमच्या काही उपदेशक बंधूंस वाटते, हे आम्ही जाणतो. कॅरीसाहेबांस तसे वाटत नव्हते.

इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी त्यांचा जन्म झाला. बाप विणकर होता, पुढे तो गावचा पंतोजी झाला. पीटर नावाचा चुलता माळीकाम करीत असे, व झाडांचा नाद मुलास त्याच्यापासून लागला. मुलाची खोली किड्यांनी, पाखरांनी व रानातून उपटून आणलेल्या रोपांनी भरलेली असे. शेतावर मजुरी करावी, तर उन्हाने अंगावर त्वचेचा विकार उठे. म्हणून त्यास चांभाराच्या हाताखाली उमेदवार ठेवण्यात आले. ज्यास ऊन सोसवत नाही म्हणून शेत सोडावे लागले, त्याच मनुष्याने पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे काढली, ही देवाची करणी अजब म्हटली पाहिजे. चपला शिवीत असता त्यांनी लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या भाषा हस्तगत केल्या. १७८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १७९३ च्या नोव्हेंबरात ते बायकामुलांसह कलकत्त्यास उतरले.

पहिली वर्षे फार हालाची गेली. पैसा संपला. सुंदरबनात जंगल तोडून शेती करण्याचा प्रयत्न झाला, तोही थोडक्यात आटोपला. मग मालद्याच्या बाजूस मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची जागा मिळाली. त्याच वर्षी, म्हणजे १७९४ साली, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तेथे वारला. पत्नी डॉरथी मुळात ह्या देशात येण्यास राजी नव्हती. ह्या दुःखांनी तिचे मन बिघडले ते १८०७ साली तिच्या मरणापर्यंत सुधारले नाही. ह्या बाईची कहाणी दोन ओळींत उरकण्याची आमच्या चरित्रकारांस सवय जडली आहे, व आम्हीही आज तेच करीत आहो, ह्याची आम्हांस लाज वाटते. निळीच्या धंद्याविषयीही झाकून ठेवणे बरे नाही. त्या धंद्याने पुढे बंगालच्या रयतेचे किती रक्त शोषले, हे १८५९ सालच्या रयतेच्या उठावाने जगापुढे आले. आणि त्या जुलुमाचे नाटक छापविल्याबद्दल १८६१ साली जेम्स लाँग नामक मिशनऱ्यासच तुरुंगात जावे लागले.

तरी ह्याच कारखान्यावर असता कॅरीसाहेबांस कुणब्याचे जिणे जवळून पाहावयास मिळाले. त्यांनी दिनाजपूर जिल्ह्याची जमीन, पिके, अवजारे व गुरे ह्यांची बारकाईने पाहणी केली आणि पुढे तीवर एक निबंध लिहिला. तो आशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. स्वदेशीच्या मित्रांस त्यांनी लिहिलेल्या पत्रांत बियाणे, कंद, विळे व नांगराचे सामान ह्यांची मागणी असे. मिशनऱ्याने नांगर मागवावा, ह्याचे तिकडे कोणास नवल वाटले असल्यास नकळे.

निळीचा कारखाना बुडाला आणि १८०० च्या जानेवारीत ते श्रीरामपुरास आले. हे आमच्या नगरकडील श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या काठी असलेले डेन्मार्कच्या राजाचे ठाणे होते. तेथे मिशनचा छापखाना उभा राहिला. कॅरीसाहेब कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत. पुढे त्यांचा पगार महिना हजार रुपये झाला, व त्यातील थोडे वगळता सर्व मिशनच्या सामाईक खजिन्यात पडे. श्रीरामपुरास त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग केली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्याने लाविलेल्या वर्गवारीप्रमाणे झाडे ओळीने मांडलेली होती. पहाटे ते तेथेच प्रार्थनेस जात, व त्या वेळी कोणी त्यांस हाक मारीत नसे.

कलकत्त्याजवळ शिबपूर येथे कंपनी सरकारचा वनस्पतिबाग होता. त्याचे मुख्य डॉक्टर रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. कुंभ्यास कॅरींचे नाव दिले ते ह्यांनीच. रॉक्सबर्ग आजारी होऊन स्वदेशी गेले, तेव्हा त्या बागेतील सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची यादी कॅरीसाहेबांनी प्रस्तावना जोडून १८१४ साली श्रीरामपुरास छापली. रॉक्सबर्ग १८१५ साली वारले. त्यांनी हिंदुस्थानातील झाडांचे वर्णन करणारा मोठा ग्रंथ लिहून ठेविला होता, तो कॅरीसाहेबांनी वाया जाऊ दिला नाही. त्याचा पहिला भाग १८२० साली निघाला, व सबंध ग्रंथ तीन भागांत १८३२ साली प्रसिद्ध झाला. ज्या यंत्रावर शुभवर्तमाने छापली जात, त्याच यंत्रावर झाडांच्या पानांची, फुलांची व बियांची वर्णनेही छापली जात होती.

१८२० च्या सप्टेंबरात कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांसाठी एक सभा स्थापन झाली, ती त्यांच्याच खटपटीने. तिचे हेतू असे होते: पडीक जमीन लागवडीस आणावी, खताचा व पाण्याचा उपयोग शिकवावा, नवी पिके व फळझाडे आणावी, गुरांची जात सुधारावी, इमारती लाकडाची झाडे लावावी. एतद्देशीय गृहस्थांस साहेबलोकांच्या बरोबरीने सभासद करून घ्यावे, असा कॅरीसाहेबांचा आग्रह होता. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. पुढे ह्या सभेने भाजीपाल्याची प्रदर्शने भरविली व माळ्यांस बक्षिसे दिली.

१८२३ च्या ऑक्टोबरात ते कलकत्त्याहून उपदेश करून परतत असता होडीतून उतरताना पाय घसरून पडले व कमरेस भारी दुखापत झाली. बासष्ट वर्षांचे वय. ते अंथरुणास खिळले असता दामोदर नदीचे बांध फुटले व पाणी श्रीरामपुरात शिरले. राहते घर सोडावे लागले. बाग पाण्याखाली गेली आणि वीस वर्षांची मेहनत पाण्याबरोबर गेली. आमच्यांतील ज्यांनी पुरात उभे पीक जाताना पाहिले आहे, त्यांस अधिक सांगणे नको. कुबड्यांवर उभे राहता येऊ लागताच त्यांनी पुन्हा रोपे मागविली व वाफे आखविले. त्याच साली लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांस आपले सदस्य निवडले होते, पण त्या मानापेक्षा त्यांस इंग्लंडाहून आलेल्या बियांचे मोल अधिक वाटत असावे, असे आम्हांस वाटते. एकदा बियांची रिकामी पिशवी त्यांनी सावलीच्या जागी झटकली, तो काही दिवसांनी तेथे त्यांच्या मायदेशाच्या कुरणात उगवणारे डेझीचे इवलेसे फूल उमलले. बंगालच्या उन्हात ते झाड वर्षभर टिकेना, म्हणून दर साली बी राखून ते पुन्हा पेरीत.

१८३१ च्या वादळाने बागेची पुन्हा नासाडी केली. ती पुन्हा उभी करण्यात आली. शेवटच्या आजारात चालवेना, तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेतून फिरवीत. तेही अशक्य झाले, तेव्हा मुख्य माळी त्यांच्या खोलीत येऊन कोणत्या रोपाचे कसे चालले आहे ते सांगे. एके दिवशी ते फार खिन्न दिसले. कारण विचारता कळले की, आपण गेल्यावर मार्शमनसाहेब बागेत गाई सोडतील, अशी त्यांस धास्ती पडली होती. मार्शमनसाहेबांनी तसे कधीही होऊ देणार नाही असे वचन दिले, तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. ९ जून १८३४ रोजी सकाळी ते प्रभूजवळ गेले.